मशीनला नमस्कार

“ह्यात कारखान्याचं नाव कुठं आलंय?” आप्पांनी विचारलं.

“ते लागत नाही आप्पा.”

“व्यवसाय विचारलाय म्हणालास की.”

“निवृत्त म्हणून टाकलंय.”

“निवृत्त हा व्यवसाय आहे होय रे?”

मुंबईच्या विमानतळावर आम्ही तिघं एका ओळीत बसलो होतो. मधे दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ रणजित, आणि त्याच्या दोन बाजूंना आप्पा आणि मी. सिंगापूरला उतरण्याआधी प्रत्येकाने आपला फॉर्म फोनवरच भरून पाठवायचा असतो. आप्पांचा फॉर्म दादा भरत होता. आप्पांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला आणि वाकून पडद्याकडे पाहिलं.

“पाठवलास?”

“पाठवतोय.”

“थांब जरा. वाचून दाखव. मी वाचल्याशिवाय सही करत नाही.”

“ह्यात सही नसतेच.”

“मग हे सगळं खरं आहे असं कोण म्हणतंय?”

“तुम्हीच म्हणताय.”

“मी कधी म्हणालो?”

मला हसू आलं. दादालाही आलं होतं, पण त्याने ते गिळलं, फोनचा कॅमेरा सुरू केला आणि म्हणाला, “आप्पा, हे परत एकदा बोला की. इकडं बघून.”

“काय?”

“मघाचंच. मी कधी म्हणालो.”

“एकदा बोललेलं परत कशाला बोलायचं?” आप्पा म्हणाले आणि बाटलीत पाणी भरून आणायला उठून गेले.

दादाचं पुण्यात टाइल्सचं दुकान होतं, पण त्याची ओळख झाली होती ती फोनमधल्या व्हिडिओंमुळे. ‘रणजितसंगे भटकंती’ असं त्याने त्या चॅनेलचं नाव ठेवलं होतं. हुरडा पार्टीपासून दुबईपर्यंत तो जिथे जाई तिथे स्वतःशीच मोठ्याने बोलत चाले आणि बरेच लोक ते बघत. आप्पांना पंचाहत्तर पूर्ण झाली म्हणून त्याने ही सहल ठरवली. आई जाऊन चार वर्षं झाली होती. आप्पा कुरुंदवाडात एकटे राहत, मी सांगलीहून आठवड्याला जाऊन येई. “तू पण चल, आप्पांकडे बघायला कुणीतरी पाहिजे,” असं दादा मला म्हणाला, आणि मी रजा टाकली.

आप्पा मात्र खरोखर उत्सुक होते. त्यांना तिथल्या उंच इमारतींचं काही नव्हतं. त्यांना बघायची होती ती विमानतळावरची आपोआप उघडणारी फाटकं. साखर कारखान्याच्या फाटकावर त्यांनी टाइमकीपर म्हणून उभी हयात काढली होती. कोण आलं, कोण गेलं, कोण सायकल ढकलत उशिरा आलं, सगळं त्यांच्या डोळ्यांखालून जायचं.

“पासपोर्ट काचेवर ठेवायचा,” दादा त्यांना विमानात समजावत होता, “पहिलं दार उघडतं. आत जाऊन उभं राहायचं. कॅमेऱ्याकडे बघायचं. मग पुढचं दार उघडतं. झालं.”

“आणि टाइमकीपर कुठं बसतो?”

“कुणी बसत नाही. मशीनच सगळं बघतं.”

“मग एखाद्याची आई आजारी असली, म्हणून उशीर झाला, तर ते मशीनला कसं कळायचं?”

“आप्पा, तिथं कुणी कामाला चाललेलं नसतं.”

“ते खरं,” आप्पा म्हणाले, आणि थोड्या वेळाने मला, “पण बघायला पाहिजे, शैला. तीस-पस्तीस वर्षांत मला असं एक जरी मशीन दिलं असतं तर निदान दुपारी जेवायला तरी घरी आलो असतो.”

सकाळी उतरलो. मोठं दालन, खाली गालिचा, आणि एवढी माणसं असून आवाज नाही. फाटकं एका रांगेत होती, कमरेएवढ्या उंचीची, काचेच्या दारांची. भिंतीवर फोनचं चित्र काढलेली, त्यावर लाल काट मारलेली पाटी होती. इथे फोटो काढायचे नाहीत, एवढं कुणालाही कळलं असतं.

दादा पहिला गेला. त्याच्यासाठी दारं लागोपाठ उघडली आणि तो पलीकडे जाऊन वळून उभा राहिला. मग मी. आप्पा माझ्या शेजारच्याच फाटकात होते. मी पलीकडे पोचले तेव्हा त्यांचं पहिलं दार त्यांच्या पाठीमागे मिटलं होतं आणि पुढचं अजून उघडलं नव्हतं. ते दोन दारांच्या मधे होते आणि खाली बघत होते.

“आप्पा, वर बघा,” मी म्हणाले. “कॅमेरा वर आहे.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि परत खाली पाहिलं. मग त्यांनी चपला काढल्या. एका कडेला सरकले, अगदी काचेला कंबर लागेपर्यंत. सावकाश वाकले, जमिनीला हात लावला, तो हात कपाळाला लावला आणि सरळ होऊन हात जोडून उभे राहिले. मशीनमधून बाईचा आवाज यायला लागला. तो तेच वाक्य परत परत म्हणत होता. वरचा दिवा लाल झाला. त्यांच्या मागच्या रांगेतली माणसं माना उंच करून बघायला लागली. एक तरुण मुलगी तोंडावर हात धरून हसली.

निळ्या गणवेशातली एक अधिकारी बाई आली, तिने बाजूने दार उघडलं आणि आप्पांना अदबीने हाताला धरून टेबलाकडे नेलं. आप्पा एका हातात चपला घेऊन तिच्याबरोबर गेले. तिथे त्यांचा पासपोर्ट बघितला, शिक्का नाही, काही नाही, दोन मिनिटांत सोडलं. जाताना त्यांनी त्या बाईलाही नमस्कार केला.

मी दादाकडे बघितलं. त्याने फोन छातीशी उभा धरला होता. ती बाई त्याच्याकडे आली आणि पाटीकडे बोट दाखवून काही म्हणाली. “नो, नो, मेसेज,” दादा हसून म्हणाला, आणि फोन खिशात टाकला.

“चपला घाला आप्पा,” मी म्हणाले.

“हो,” ते म्हणाले. “फार थांबवलं का मी लोकांना?”

“छे.”

टॅक्सीत दादा पुढे बसला. मागून मला त्याचा फक्त अंगठा दिसत होता. तो वर सरके, थांबे, परत वर सरके. हॉटेलच्या दारात उतरेपर्यंत त्याचं काम झालं होतं. व्हिडिओवर त्याने लिहिलं होतं: ‘आमचे आप्पा मशीनच्या पाया पडले! मशीनदेवा, पाव रे बाबा!’ त्यावर देवळातल्या घंटेचा आवाज घातला होता. आप्पा वाकले की घंटा वाजायची.

दुपारी जेवताना तो स्वतःशीच हसत होता. आप्पांनी विचारलं, “काय एवढं?”

त्याने फोन त्यांच्यापुढे धरला. आप्पांनी जेवणाचा हात ताटात तसाच ठेवून सगळा व्हिडिओ बघितला.

“हा मी आहे होय?”

“मग! हजारांनी बघतायत आप्पा. स्टार झालात.”

“हे कशाला घातलंस?”

“प्रेमानं घातलंय हो. लोकांना गोड वाटतंय.”

“काढ ते.”

“काढतो.”

“आत्ता काढ.”

“इथं नेट नीट नाही, खोलीवर जाऊन काढतो,” दादा म्हणाला. त्याने बोटं चाटली, टिश्यूने फोनची काच पुसली आणि पडदा आप्पांकडून आपल्याकडे फिरवला. त्याचा अंगठा पुन्हा वर सरकायला लागला. त्यावर तूप लागलेलं होतं. मला पुढचा घास गेला नाही.

आप्पा वामकुक्षीला गेल्यावर मी त्याला जिन्याजवळ गाठलं.

“दादा, त्यांनी नको म्हटलंय.”

“अगं, काढणार आहे. पण आत्ता चाललाय तो. उद्या सकाळपर्यंत राहू दे.”

“त्यांना लागलंय.”

“त्यांना काय लागतंय? जुनी माणसं पहिल्यांदा नको नको म्हणतात. तू असं तोंड करून फिरू नकोस बरं. लोकांना वाटेल मी काय केलं.”

आमच्या घरात दादाला कुणी बोलायचं नाही अशी रीत होती. लहानपणी त्याला फिट यायच्या म्हणून आईने ती घातली. फिट बंद झाल्या, रीत राहिली. मी खोलीत जाऊन पडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा लवकरच कुठल्यातरी पुलाचं चित्रण करायला बाहेर पडला. आप्पा आणि मी खाली नाश्त्याला बसलो होतो, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. कारखान्यातले त्यांचे जुने सोबती शंकर चौगुले होते. त्यांचा आवाज मलाही ऐकू येत होता.

“काय टाइमकीपर! तिथं मशीनपुढं आमच्या नावानं पण एक नारळ वाढवा की!”

“वाढवतो,” आप्पा म्हणाले आणि हसले.

“वाडीला येणार म्हणून सांगत होतात पौर्णिमेला. आता वाडी कशाला, दत्तापेक्षा मोठा देव गावला तुम्हाला!”

आप्पा पुन्हा हसले. फोन ठेवल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर ते हसू काही क्षण तसंच राहिलं, जसं दिवा मालवल्यावर डोळ्यापुढे उजेड राहतो तसं. मग गेलं.

“काढलं नाही त्यानं,” ते म्हणाले.

“नाही.”

त्यांनी चहा ढवळला. साखर घातली नव्हती, तरी ढवळत राहिले.

“तिथं जमिनीवर पावलं काढलेली होती, शैला. पिवळी. जोडीनं, शेजारी शेजारी. तू बघितलीस?”

मी आठवून बघितलं. मीही अशाच पावलांवर उभी राहिले असणार. मला ती दिसलीच नव्हती.

“उभं कुठं राहायचं ते कळावं म्हणून काढतात,” ते म्हणाले. “मला कळत नाही असं नाही. पगाराच्या दिवशी रांग मोडू नये म्हणून मीच फाटकापाशी चुन्यानं रेघा मारून घ्यायचो. पण पावलं बघितली आणि पाय उचलंना. लहानपणापासून वाडीला दत्ताच्या पादुकांना जातोय. पादुका दिसल्या की वाकायचं, एवढंच ह्या शरीराला ठाऊक. त्यावर उभं राहायचं कसं? डोक्याला कळत होतं, पायाला कळंना.”

“मग चपला काढल्या.”

“मग चपला काढल्या. नमस्कार झाल्यावर वाटलं, आता ठेवावा पाय. तरी होईना. म्हणून बाजूला उभा राहिलो. म्हटलं, येईल कुणीतरी माणूस. आली की बिचारी.” त्यांनी चमचा बशीत ठेवला. “मशीनच्या कोण पाया पडतंय गं? मी काय मशीन बघितलं नाही आयुष्यात?”

त्यांनी चहाचा कप पुढे सरकवला.

“मी दोनदा सांगितलं त्याला. माझं ऐकत नाही. तू सांग. आपण गावात पोचायच्या आत काढायला लाव. मला घाटावर जायचं असतं रोज, चार माणसात बसायचं असतं. आणि ती पावलं कुणाची म्हणून मी वाकलो, ते त्यात दिसत पण नाही.”

“सांगते.”

“नीट सांग. भांडू नको.”

दादा दुपारी आला. मी नीट सांगितलं. पावलांचंही सांगितलं. तो डोळे विस्फारून म्हणाला, “अरे वा! हे तर अजून भारी आहे. ह्याचा दुसरा भाग करता येईल. आप्पांना म्हणावं, हेच कॅमेऱ्यासमोर बोला.”

“दादा, पहिला काढ.”

“संध्याकाळी काढतो. शपथ.”

संध्याकाळी आप्पा हातपाय धुवायला गेले आणि न्हाणीघरात पडले. दार आतून लावलेलं नव्हतं. मी आत गेले तेव्हा नळ चालू होता. रुग्णवाहिका झटकन आली, डॉक्टरांनी त्यांना करता येण्यासारखं सगळं केलं. हृदय थांबलं होतं. व्हिडिओमुळे ते गेले असं मी तेव्हाही म्हटलं नाही, आताही म्हणत नाही. त्यांना आधीपासून त्रास होता, गोळ्या चालू होत्या. पण गेले ते हसं झालेला माणूस म्हणून गेले, आणि ते त्यांना माहीत होतं.

दादा इस्पितळाच्या जमिनीवर बसून रडला. खोटं रडला नाही. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला होता. मग त्याने उठून धावपळ केली, दूतावासाला फोन लावले, कागद मिळवले, तिथेच दहन करायचं ठरवलं. सगळं त्याने एकट्याने केलं, हे मी कुणालाही सांगेन.

दहनानंतर आम्ही बाहेर बाकावर बसलो होतो. त्याने फोन काढला. मला वाटलं, काढतोय. मी वाकून बघितलं. त्याने तोच व्हिडिओ परत टाकला होता. घंटेच्या जागी व्हायोलिन घातलं होतं, आणि वर लिहिलं होतं: ‘मिस यू आप्पा. जाता जाताही हसवून गेलात.’ खाली हसण्याचे आणि रडण्याचे चेहरे एकाखाली एक येत होते. त्याचे डोळे पाण्याने भरलेले होते आणि त्या पाण्यातून तो आकडे वाचत होता.

“बघ,” तो म्हणाला, “किती प्रेम करतायत लोक त्यांच्यावर.”

मी उठून झाडाआड गेले, पण उलटी झाली नाही. नुसती आंबट लाळ तोंडाला येत राहिली.

परतीच्या वेळी अस्थींचा डबा माझ्या पिशवीत होता, त्याचे कागद दादाकडे. पुन्हा तीच फाटकं. मी पासपोर्ट ठेवला, आत गेले, दार उघडलं. त्या मशीनला एकच माणूस दिसला.

दशक्रियेला आम्ही कुरुंदवाडच्या घाटावर होतो. आमच्यात बायका सहसा त्या विधीला जात नाहीत, पण मी गेले, आणि आप्पांचे धाकटे चुलतभाऊ बापूकाका “येऊ दे तिला” म्हणाले. दादाने मुंडण केलं होतं. ओल्या धोतरात तो थंडीने कुडकुडत होता. पिंड झाले, दर्भावर मांडले, सगळे मागे सरकले आणि कावळ्याची वाट बघत उभे राहिले.

कावळे होते. पिंपळावर चार-पाच बसले होते. एक खाली आला, पिंडाभोवती चालला आणि उडून परत फांदीवर गेला.

माझ्या मागे दोन माणसं दबल्या आवाजात बोलत होती. एकाचा आवाज मी ओळखला. शंकर चौगुले.

“टाइमकीपरला आता कावळा नको, मशीनच पाहिजे,” ते म्हणाले. दुसरा नाकाने हसला. त्यांच्यात वाईटपणा नव्हता. आदल्या दिवशी तेच चौगुले आमच्या ओसरीवर बसून ओक्साबोक्शी रडले होते. गावाला आता आप्पा म्हटलं की तेवढंच आठवत होतं.

“काहीतरी राहिलंय त्याचं,” बापूकाका म्हणाले. “रणजित, बोल बाबा. कशात जीव अडकलाय त्याचा?”

ही आमच्याकडची पद्धत. कावळा शिवत नसला की घरच्यांनी गेलेल्याला मोठ्याने वचन द्यायचं. दादा पुढे झाला.

“आप्पा, घराची काळजी करू नका. दर वर्षी तुमच्या नावानं वाडीला अन्नदान घालीन.”

कावळा हलला नाही.

“शैलाला मी कधी अंतर देणार नाही आप्पा. तिला काही कमी पडू देणार नाही.” त्याचा आवाज फुटला. माझ्याशिवाय बाई कुणी नसल्यामुळे पुरुषच डोळे पुसायला लागले.

तेव्हा मला तो दिसला. पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केलेला फोन. पडद्यावर पिंड, त्यापलीकडे दादाचं मुंडण केलेलं डोकं, आणि कोपऱ्यात एक लाल ठिपका उघडमीट करत होता.

“शैला, आता तू बोल,” बापूकाका म्हणाले. “तुझ्यात जीव होता त्याचा. म्हण, आम्ही बहीणभाऊ मिळून राहू. तेवढंच पाहिजे असतं माणसाला.”

मी पुढे झाले. नदीवरून गार वारा येत होता. मागे कुणीतरी खाकरलं आणि गप्प झालं.

“आप्पा,” मी म्हणाले, “तुम्ही मशीनच्या पाया पडला नव्हता. तिथं जमिनीवर पावलं काढलेली होती. लोक त्यांच्यावर उभे राहत होते. तुम्ही पादुका समजून नमस्कार केलात आणि त्यांच्यावर पाय दिला नाहीत. चौगुलेकाका इथंच आहेत. सगळे ऐकतायत.”

चौगुले मान खाली घालून उभे होते.

“बरं झालं सांगितलंस,” बापूकाका हळूच म्हणाले. “आता ते दुसरं पण म्हण, पोरी. रणजितचं.”

दादाने माझ्याकडे बघितलं. त्याचे डोळे लाल होते. मग त्याची नजर क्षणभर तांब्याकडे गेली. त्याने वाकून फोन जरासा माझ्या बाजूला वळवला.

“ते मी म्हणणार नाही, काका,” मी म्हणाले, आणि परत पिंडाकडे वळले. “आप्पा, मला दादाची किळस येते. तुम्ही होतात तोवर हे कधी बोलले नाही, तुम्हाला चाललं नसतं. आज कावळा शिवावा म्हणून तुमच्याशी खोटं बोलणार नाही.”